गावच्या देवळाचे वय कोठून मोजावे? पन्हाळा तालुक्यातील एका मंडळीची जुनी दप्तरे

वारणाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या चर्चच्या दर्शनी भिंतीत, दाराच्या कमानीला लागून, एक काळा दगड बसवलेला आहे आणि त्यावर इसवी सन कोरलेला आहे. आम्ही सगळे लहानपणापासून तेच मंडळीचे, म्हणजे या चर्चमध्ये जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायाचे, जन्मवर्ष समजत आलो आणि वर्धापनदिनाच्या पत्रिकाही त्याच हिशेबाने छापल्या गेल्या. पुढच्या वर्षी मंडळीची स्मरणिका काढायची असे कमिटीने ठरवले आणि जुनी दप्तरे चाळण्याचे काम माझ्याकडे आले. बाप्तिस्म्याची पहिली वही उघडली, तर पहिली नोंद त्या दगडावरील सनाच्या एकोणीस वर्षे आधीची निघाली. देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) उभे राहिले तेव्हा मंडळी चांगली मिसरूड फुटलेली होती, एवढाच याचा अर्थ. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर कोणते वर्ष छापावे, हा माझा प्रश्न आहे. पण तो नीट मांडण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या भागात प्रॉटेस्टंट मिशनचे काम रॉयल गुल्ड वाइल्डर यांच्यापासून सुरू होते. ते १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले, काही वर्षे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले आणि १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात दाखल झाले. त्यानंतर जे घडले त्याला आमच्या स्मरणिकांतून आजवर कोणी जागा दिलेली नाही, आणि मला तर तीच या इतिहासाची किल्ली वाटते. वाइल्डर यांचा शाळांवर विश्वास होता. त्यांना ज्या अमेरिकन बोर्डाने पाठवले होते, त्याचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेले आणि पैसा व माणसे शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, खर्च न करता देशी भाषेतील उपदेशावर आणि मंडळ्या उभारण्यावर खर्चावीत, असा आग्रह त्यांनी धरला. वाइल्डर यांना ते मान्य झाले नाही. वाद वाढत गेला, संबंध तुटला, आणि १८६१ मध्ये ते कोणत्याही बोर्डाच्या आधाराशिवाय, स्वतः वर्गणी जमवून, पुन्हा कोल्हापूरला आले. पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने आपल्याकडे घेतले. कोल्हापूरच्या मंडळ्या नगरच्या मंडळ्यांपेक्षा वेगळ्या घडणीच्या का, याचे निम्मे उत्तर या भांडणात आहे. (वाइल्डर यांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्म १८६३ चा, कोल्हापूरचाच. अमेरिकेत विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी करणाऱ्यांत ते अग्रणी होते. पण तो विषय या धाग्याचा नव्हे.)

प्रेस्बिटेरियन मिशनचे जाळे नंतर रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, मिरज, वेंगुर्ले, निपाणी असे पसरत गेले. पन्हाळ्याच्या पायथ्याकडील वारणेच्या खोऱ्यात कोडोली हे मोठे ठाणे झाले. तिथे शाळा आणि दवाखाना आला आणि आजूबाजूच्या खेड्यांतील कुटुंबे तिकडे जाऊ-येऊ लागली. आमचे गाव अशा खेड्यांपैकीच एक.

आता वहीविषयी. वही लांबट, कापडी पाठीची आहे. कडा कसरीने खाल्ल्या आहेत आणि शाई तपकिरी पडून काही ठिकाणी कागद आरपार गेला आहे. रकाने हाताने आखलेले आहेत: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, वय, पूर्वीची जात, बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव, साक्षीदार आणि शेवटी ‘शेरा’. पहिल्या पानावर सात नावे आहेत. त्यांतील पाचांपुढे पूर्वीची जात एकच लिहिली आहे आणि खालच्या चारांपुढे पुन्हा न लिहिता नुसती रेघ ओढली आहे. शेऱ्याच्या रकान्यात दोघांपुढे ‘वारला’ आहे, एकापुढे ‘मुंबईस गेला’ आहे आणि एकापुढे नुसते ‘गेला’. मंडळी सोडून गेला, गाव सोडून गेला की जग सोडून गेला, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. मी त्या शब्दापाशी बराच वेळ थांबलो.

साक्षीदाराच्या रकान्यात मात्र सातही वेळा एकच सही आहे, वळणदार बाळबोध अक्षरात, आणि सहीपुढे ‘शाळामास्तर’ असे लिहिले आहे. यावरून मला आजीचे एक बोलणे आठवले. चर्चच्या ओट्यावर रुळाचा तुकडा टांगलेला आहे आणि रविवारी उपासनेआधी तो बडवतात. लहानपणी मी त्याला देवळाची घंटा म्हटले की आजी हटकून म्हणायची, “ती देवळाची न्हवं रं, शाळंची घंटा हाय. आदी शाळा, मग देऊळ.” तेव्हा ते मला म्हातारीचे काहीतरी वाटले होते. आज वही पाहताना वाटते की तिला मंडळीचा इतिहास दगडापेक्षा अधिक ठाऊक होता. मास्तर महारवाड्यात शाळा भरवत होते, रविवारी त्याच छपराखाली प्रार्थना होत होती, आणि मंडळी तिथे जन्मली. माझे मत असे की पहिल्या बाप्तिस्म्याचे वर्ष हेच मंडळीचे वर्ष धरावे. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्तवडील

आपण फार निगुतीने लिहिले आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी आमच्या मंडळीत अनेक वर्षे वडील (म्हणजे मंडळीने निवडलेला कारभारी, एल्डर) म्हणून सेवा केली आहे आणि सेशनची, म्हणजे पाळक व वडील यांच्या समितीची, वही सांभाळली आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत बाप्तिस्मा झाला म्हणून मंडळी स्थापन झाली, असे होत नाही. एखाद्या गावात पाचपंचवीस बाप्तिस्माप्राप्त लोक असू शकतात आणि तरीही त्यांची नावे दुसऱ्या गावच्या मंडळीच्या पटावर असतात. त्या गावात पुरेसे सभासद झाले, त्यांनी आपल्यातून वडील निवडले, त्या वडिलांची दीक्षा झाली आणि पाळक व वडील मिळून सेशन बसले, म्हणजे मंडळी रीतसर स्थापन होते. आणि हे सर्व प्रेसबिटरीच्या, म्हणजे त्या भागातील मंडळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सभेच्या, अनुमतीने होते. म्हणून आपल्याला तीन तारखा वेगळ्या धराव्या लागतील: पहिला बाप्तिस्मा, सेशनची स्थापना आणि इमारतीचे अर्पण. दगडावरची तारीख तिसरी आहे, आपली तारीख पहिली आहे, आणि खरी मधली आहे.

ती शोधण्याची वाट सांगतो. सेशनचे कार्यवृत्त दर वर्षी तपासणीसाठी प्रेसबिटरीपुढे ठेवावे लागे आणि तपासल्याचा शेरा सहीनिशी वहीतच लिहिला जाई. आपल्याकडील पहिली सेशनवही हरवली असेल, तरी पुढच्या वहीत मागील वहीचा उल्लेख सापडू शकतो. आणखी एक सावधगिरी बाळगा. मिशनच्या वार्षिक अहवालांत जी संख्या येते ती बहुधा प्रभुभोजनात भाग घेणाऱ्या सभासदांची असते. मुले त्यात धरलेली नसतात. आपल्या वहीत मात्र प्रौढांचे आणि बालकांचे बाप्तिस्मे एकाच क्रमाने लिहिलेले असणार. ते दोन आकडे शेजारी ठेवून कोणी “अहवालात निम्मी माणसे दडवली” असे लिहिले, तर तो अन्याय होईल. असे लिहिलेले मी वाचले आहे, म्हणून आधीच सांगतो.

वारणाकाठ

वडीलसाहेब, आभारी आहे. प्रौढ आणि बालक वेगळे करण्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. आता वय पाहून वेगळे केले, तेव्हा एक गोष्ट पुढे आली: पहिला बालबाप्तिस्मा प्रौढांच्या पहिल्या तुकडीनंतर चार वर्षांनी आहे. म्हणजे पहिली चार वर्षे गावात ख्रिस्ती माणसे होती, पण ख्रिस्ती घर बहुधा नव्हते. पुरुष आले होते आणि बायका अजून यायच्या होत्या, असा मी अर्थ लावतो. चुकत असल्यास सांगावे.

पेटीवाली

चुकत आहात असे म्हणणार नाही, पण बायका ‘यायच्या होत्या’ हे म्हणणे वहीवर फार विश्वास टाकणारे आहे. मी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवते आणि आईच्या माहेरची अशीच वही मी पाहिली आहे. तिच्यात बायकांची नोंद ‘अमक्याची बायको’ अशी आहे, आणि एके ठिकाणी तर ‘सदरहूची बायको’ एवढीच आहे. नाव नाही, बापाचे नाव नाही, माहेर नाही. आपल्या वहीत त्या चार वर्षांत बायकांचे रकाने रिकामे असतील, तर त्या नव्हत्या याऐवजी लिहिणाऱ्याने विचारले नाही, हीही शक्यता धरा.

दुसरी गोष्ट बायबलबाईंची. मिशनकडून नेमलेल्या या बायका घरोघर जात, वाचून दाखवत आणि बायाबापड्यांना अक्षर शिकवत. मास्तर पुरुषांना आणि मुलांना भेटत असतील. परसदारी, चुलीपाशी पोहोचली ती बायबलबाई. तिची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत मिळणार नाही, कारण ती साक्षीदार म्हणून सही करत नसे. ती मिळाली तर पगाराच्या हिशेबात मिळेल. म्हणून आपण हिशेबाच्या वह्या पाहिल्या आहेत का, हे कळवावे.

आणि मुठीचे दान विसरू नका. आमच्याकडे रोज स्वयंपाकाला धान्य घेताना एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि महिनाअखेर ते गाडगे देवळात रिते करायचे, अशी रीत होती. मंडळीचा पैसा अमेरिकेतून आला, असे स्मरणिकांत लिहिले जाते. इमारतीचा आला असेल. दिव्याच्या रॉकेलचा आणि पाळकांच्या दाण्याचा गाडग्यातून आला.

वारणाकाठ

पेटीवाली ताई, आपल्या सांगण्यावरून कपाटाच्या खालच्या खणातील हिशेबाचे गाठोडे सोडले. पगारपत्रके नाहीत, ती बहुधा मिशनच्या ठाण्यावरच राहत असावीत. पण दानाची वही आहे, आणि ती वाचताना मी तहानभूक विसरलो. पैशांपेक्षा जिन्नसच अधिक आहेत. एका हंगामसणाच्या पानावर दानात आलेल्या जिन्नसांच्या लिलावाची अख्खी यादी आहे: जोंधळा, नाचणी, दोन भोपळे, एक कोंबडा, गुळाची अर्धी ढेप, शेंगा, आणि शेवटी ‘वाक, एक भेंडोळे’. वाक म्हणजे घायपाताच्या तंतूंचा जुडगा. दोर वळणे हे वस्तीतील पुष्कळांचे पोटापाण्याचे काम होते. त्या वाकाला लिलावात कोंबड्यापेक्षा जास्त बोली आली आहे आणि घेणाऱ्याच्या नावापुढे ‘पाटील’ असे लिहिले आहे. पाटील चर्चच्या लिलावाला आले होते, की मास्तरांनी माल वाड्यावर पाठवला, ते सांगणारा आता कोणी उरलेला नाही.

‘सदरहूची बायको’ आमच्याही वहीत आहे. दोन ठिकाणी.

मोडीलिपिक

या धाग्यावर मी केवळ मोडी वाचणारा म्हणून लिहितो. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्रात मला गती नाही.

मिशनच्या वह्या बाळबोधीत असतात, म्हणून आपण सर्वजण त्यांच्यावरच थांबतो. पण गावच्या जागेचा, वतनाचा आणि तंट्याचा कागद संस्थानाच्या दप्तरात मोडीत असतो, आणि ती दप्तरे कोल्हापूर पुराभिलेखागारात आहेत. आपल्या चर्चची जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ (घर-जागांच्या आकारणीची नोंदवही) वरून मागे जा. गायरानात किंवा वतनी जमिनीत असेल तर फेरफारांवरून मागे जा. जागा कोणी दिली हे कळले की मंडळीला गावात उभे राहायला जागा कधी मिळाली, ही चौथी तारीख आपल्याला मिळेल.

वतनाचा मुद्दा थोडा सविस्तर मांडतो. महाराच्या वतनात भाऊबंदांचा वाटा असे. त्यांतील एकाने धर्म बदलला म्हणजे त्याचा वाटा राहतो की जातो, हा प्रश्न भाऊबंदकीत हमखास येई. धर्म किंवा जात सोडल्यामुळे वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० मध्ये कंपनी सरकारने केला, पण तो कंपनीच्या मुलखापुरता होता आणि कोल्हापूर हे संस्थान होते. त्यामुळे इथल्या तंट्यांचा निकाल इथल्या दरबारी कागदांतच शोधावा लागतो. पुढे १९१८ मध्ये शाहू महाराजांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने, म्हणजे सारा भरून कसण्याच्या हक्काने, वतनदारांच्या नावे करून दिल्या. त्या वेळच्या याद्यांत आपल्या वहीतील सात नावांपैकी एखादे सापडले, तर तो माणूस ख्रिस्ती झाल्यावरही गावकीत होता, याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

जाता जाता एक विनंती. जीर्ण पानांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उन्हापासून दूर, खिडकीच्या उजेडात फोटो काढा. कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा. जुन्या पोथ्या तिनेच राखल्या.

शेजारवाडा

आमचे घर आणि गावचे चर्च यांच्यामध्ये एक भिंत आहे. आम्ही बौद्ध आहोत, आणि चर्चमधल्या निम्म्या लोकांचे आणि आमचे आडनाव एकच आहे. पणजोबा दोघे भाऊ. एकाने मिशनच्या शाळेत जाऊन बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या नातवाने १९५६ नंतर धम्म स्वीकारला. लग्नाची पत्रिका आजही दोन्हीकडे जाते.

मी लिहितो आहे ते दफनभूमीसाठी. ती दोघांची एकच होती. आमच्या वडिलांच्या लहानपणी एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला नुसते धोंडे, अशी ती जागा होती, आणि कोणाची कोणती हे विचारावे लागत नसे. सवलतींनी मात्र वेगळे केले. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश आला तेव्हा त्यात ख्रिस्ती झालेल्यांना जागा नव्हती. बौद्धांनाही नव्हती, ती १९९० मध्ये मिळाली. ख्रिस्ती भाऊबंद त्याबाहेरच राहिले. एका भिंतीच्या अलीकडे एक दाखला आणि पलीकडे दुसरा. यावर स्मरणिकेत दोन ओळी तरी असाव्यात. गावात हे सर्वांना माहीत आहे, पण लिहिलेले कुठेच नाही.

आपल्या वहीतील ‘नुसते गेला’ या माणसाविषयी. त्याचे नाव इथे जाहीर लिहू नये, पण मला निरोपातून कळवावे. आमच्या घरात एक नाव सांगतात, जो ख्रिस्ती झाला आणि नंतर परत भावकीत आला.

निवृत्तवडील

वरील प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. आमच्या सेशनवह्यांत ‘शिस्त’ या सदराखाली काही नावे पटावरून कमी केल्याच्या नोंदी आहेत. कारणे बहुधा अशी: जत्रेत भाग घेतला, पोतराजाला दान दिले, मुलीचे लग्न भावकीच्या रीतीने लावले. त्या काळी आम्ही त्याला पतन म्हणत असू. आज वाचताना त्यातील निम्मे तरी भावकी न सोडण्याचे प्रयत्न दिसतात. तरीही माझा मूळ मुद्दा कायम आहे: पटावरून नाव कमी करण्याचा अधिकार ज्या दिवशी गावातील वडिलांकडे आला, त्या दिवशी मंडळी स्थापन झाली.

आणि १९७० चा उल्लेख कोणी केला नाही म्हणून करतो. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूरला उत्तर भारत चर्च स्थापन झाले आणि आमची प्रेस्बिटेरियन परंपरा व कोल्हापुरात १८७० पासून असलेली अँग्लिकन मिशनची परंपरा कागदोपत्री एकाच छत्राखाली आल्या. त्यापूर्वी सेशनची व्यवस्था होती. त्यानंतर पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी), डायोसिस (बिशपच्या देखरेखीखालील प्रांत) आणि बिशप आले. पुढची दप्तरे वाचताना शब्द बदललेले दिसले तर गोंधळून जाऊ नका.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली आणि मी चारही वर्षे फळ्यावर लिहिली. मोडीलिपिक यांच्या सांगण्यावरून जागेचा शोध घेतला, तेव्हा फेरफार जिथवर मागे जातात तिथवर ती जागा मास्तरांच्या नावे निघाली. मंडळीच्या नावे ती पुष्कळ उशिरा झाली. सेशनचे वर्ष मिळाले, वडीलसाहेबांनी सांगितले तसेच: दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मागील वहीचा हवाला आहे. ते पहिल्या बाप्तिस्म्यानंतर अकरा वर्षांनी आणि इमारतीच्या आठ वर्षे आधी येते.

चर्चा लांबली. तरुण मंडळींना दगडावरचे वर्ष हवे होते, कारण बॅनर छापून तयार होते. एका आजीबाईंनी विचारले की बाप्तिस्मा आधी झाला आणि देऊळ मागाहून, तर वाढदिवस बाळाचा करायचा की पाळण्याचा. सगळे हसले; मात्र निर्णय त्यावर झाला नाही. निर्णय असा झाला की वर्धापनदिन सेशनच्या वर्षाने धरावा आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर, दगडाच्या छायाचित्राऐवजी, वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र छापावे. शेऱ्याचा रकाना झाकावा की ठेवावा यावर मते पडली आणि ठेवावा असे ठरले. वर्धापनदिन पहिल्या बाप्तिस्म्याच्या वर्षाने धरावा, हे माझे मत हरले, हे मी मान्य करतो. आठ विरुद्ध पाच मतांनी सेशन जिंकले.

शेजारवाडा यांना मी निरोप पाठवला होता. नाव जुळले. येत्या रविवारी दुपारी ते त्यांच्या चुलत्यांना घेऊन वही पाहायला येणार आहेत, आणि दफनभूमीत त्या माणसाचा धोंडा कोणत्या बाजूला आहे हे चुलत्यांना माहीत आहे म्हणतात. तो दिसला की छायाचित्र इथे टाकतो. तोवर ‘सदरहूची बायको’ या दोन नोंदींचे माहेर शोधण्यासाठी कोडोली आणि वारणेच्या पलीकडील गावांतील कोणाकडे विवाहाच्या जुन्या नोंदी असतील, तर कळवावे.